चार बोटं लाकूड

नाही हो आजोबा, खुर्चीबद्दल माझं काहीच म्हणणं नाही, खुर्ची चांगलीच आहे – माझं म्हणणं आहे ते जागेबद्दल. अख्खं आवार मोकळं पडलंय, तिकडे भिंतीपाशी सावली आहे, पायरी आहे, आणि तुम्ही खुर्ची उलगडलीत ती नेमकी त्या लाल खुंटीपाशी. ती खुंटी कुणी ठोकली? मी. कशासाठी ठोकली? झाड कुठल्या रेषेवर आडवं होणार ते दिसावं म्हणून. मला सुद्धा दरवेळी एवढा नेम जमत नाही, तुम्ही बरोब्बर रेषेवर बसलात! मी मशीन बंद केलं, भुसा खाली बसला, डोळ्यांवरची जाळी वर केली – आणि समोर तुम्ही. टोपी घालून, काठी मांडीवर आडवी, संत्रं सोलत. तुम्ही तर डोळ्यांच्या दवाखान्यात होतात ना? चिरंजीव घेऊन गेले तुम्हाला, गाडीत बसवताना मी पाहिलंय, मी हातही केला, तुम्ही केला नाहीत. मग? – हे असं बोटानं गोल काढून काय दाखवताय? मागून? मागच्या दारानं? आणि चिरंजीवांना? – त्यांना पत्ताच नाही! म्हणजे ते बिचारे तिथे नंबर धरून बसलेत, आणि तुम्ही रिक्षा करून इथे. बरं. हसू नका. म्हणजे हसा, हसलात तर चांगलंच आहे, त्या निमित्तानं तोंड तरी उघडेल. आजी सांगत होत्या, झाड पाडायचं ठरल्यापासून तुम्ही घरात कुणाशी एक शब्द बोललेला नाहीत. मीठ हवं असलं तरी बोट दाखवता म्हणे.

ठीक आहे, नका बोलू. मी बोलतो. मला सवय आहे. पण निदान ऐका, कारण मी या बुंध्यापासून हलू शकत नाही आणि तुम्ही त्या खुर्चीवरून हलत नाही, म्हणजे आपण दोघं आणि मधे हे झाड, असा प्रकार झालाय. आणि झाड आता पहिल्यासारखं नाही. ते अर्ध्याहून जास्त कापून झालंय. तुमच्या बाजूनं ती खाच दिसते ना, कलिंगडाची फोड काढल्यासारखी? ती आधी काढायची. जिकडे खाच तिकडे झाड. मग मागून काप द्यायचा, खाचेच्या किंचित वर, आणि पुढे पुढे येत राहायचं, आणि खाचेला भिडायच्या आत थांबायचं. थांबायचं, आजोबा! सगळं कसब त्या थांबण्यात आहे, बाकी नुसता आवाज. मधे ही जी लाकडाची पट्टी उरते – या टोकापासून त्या टोकापर्यंत – ती बिजागरी. दाराची असते तशीच. दार कसं, धाडकन अंगावर येत नाही, वळत वळत येतं, तसं झाड या पट्टीवर वळत वळत खाली जातं. पट्टी आहे तोवर झाड माझं ऐकतं. पट्टी तुटली की ते कुणाचंच ऐकत नाही – बुंध्यावरून घसरेल, गिरकी घेईल, कापणाऱ्याच्याच डोक्यावर बसेल, त्याची मर्जी.

आत्ता इथे चार बोटं आहे. माझी चार बोटं, तुमची नाही, तुमची बारीक आहेत. शेवटाला दोन-अडीच ठेवीन, त्याखाली जाणार नाही. तुम्ही म्हणाल, मग सहा ठेव, आठ ठेव, आणखी बरं! तसंही चालत नाही. फार जाड ठेवली तर झाड वळायला बघतं, पट्टी वळू देत नाही, आणि मग खोडच उभं फाटतं, मागचा अर्धा भाग उसळतो तो सरळ हनुवटीवर. म्हणजे कमी नको, जास्त नको, सुनेच्या हातच्या मिठासारखं – तुमची सूनबाई नव्हे, मी आपलं म्हणायचं म्हणून म्हटलं. तर चार बोटांवर हे एवढं धूड उभं आहे. मागे पाचर ठोकलीये. लगेच पडायचं नाही, शब्द देतो. पण वाऱ्याचा शब्द मी कसा देऊ? आणि त्याच्या पुढ्यात तुम्ही बसून बिया थुंकताय.

उचलून नेलं असतं तुम्हाला, खुर्चीसकट, वजन ते काय तुमचं. पण उचलायला यायचं म्हणजे मलाही त्या रेषेत यावं लागणार, आणि मी भित्रा माणूस आहे, उघड सांगतो. मघाशी दोन पावलं आलो तर तुम्ही काठी उगारलीत. म्हणजे समोर काठी, मागे झाड, दोन्हीकडून मार मलाच. हिला हाक मारली असती – ही, म्हणजे माझी बायको, ती कुंपणाच्या पलीकडे आहे, रस्त्यावर, दोर धरून. दोर वर झाडाला बांधलाय आणि खालचं टोक तिच्याकडे, मी खूण केली की ती ओढणार. पण तिच्या कानावर ते गोल आहेत, आवाज बंद करणारे. तिला काही ऐकू जात नाही, आणि त्या उंच कुंपणामुळे तुम्ही दिसतही नाही, बसलेले. ती फक्त हातांच्या खुणा बघते. दोन्ही हात असे छातीवर – थांब. एक हात वर – ओढ. त्यामुळे माझे हात कितीतरी वेळ झाला असे छातीवरच आहेत, तुम्हाला वाटलं असेल मी फार नम्र आहे.

पट्टी तोडली की काय होतं ते मला विचारा. माझा साडू, म्हणजे हिच्या धाकट्या बहिणीचा नवरा – आम्ही दोघं मिळून कामं घ्यायचो पूर्वी. माणूस ताकदीचा, देखणा, आणि सदा घाईत. मला म्हणायचा, "बिजागरी बिजागरी काय लावलंयस? झाड पाडतोयस का दार बसवतोयस?" चार लोकांत म्हणायचा. लोक हसायचे, मीही हसायचो, काय करणार. नाव पाडलं होतं त्यानं माझं – 'राहू दे'. कारण तो कापायला लागला की मी मागून ओरडायचो, राहू दे, अरे राहू दे, आणखी थोडं राहू दे! तर एका गिरणीच्या मागचं झाड होतं. आमची व्हॅन आम्ही अशा ठिकाणी लावली की झाड तिकडे पडणं शक्यच नव्हतं – पार उलट्या बाजूला. ही व्हॅनमध्ये बसलेली, डबा उघडून. आणि मी तिच्या खिडकीशी उभा राहून तिला सांगत होतो – काय सांगत होतो? हेच. किती ठेवायची, का ठेवायची, कुठल्या लाकडाला किती. तिनं दोन घास खाल्ले. तिसरा हातात धरला, माझ्याकडे पाहिलं, तो परत डब्यात ठेवला, झाकण लावलं, दार उघडून उतरली, आणि रस्ता ओलांडून पलीकडच्या कट्ट्यावर जाऊन बसली. मी तिच्या मागोमाग गेलो – वाक्य अर्धवट राहिलं होतं ना माझं. आणि तेवढ्यात त्यानं पट्टी कापली. आरपार. झाड बुंध्यावर असं टेकलं, क्षणभर थांबलं, विचारात पडल्यासारखं – आणि गिरकी घेऊन उलटं. थेट व्हॅनवर. व्हॅन माझ्या गुडघ्याएवढी झाली, आजोबा. आणि साडू काय म्हणाला? "वारा होता." वारा! भुशाचा कण हलत नव्हता. आता तो टाइल्स विकतो, उत्तम चाललंय त्याचं, टाइल्सना बिजागरी लागत नाही.

पण तेव्हापासून माझं ठाम मत आहे – बोलण्यानं जीव वाचतो. मी बोललो नसतो तर ती तिथेच बसून जेवत राहिली असती. ती पण मानते हे, नाही असं नाही. फक्त म्हणते, एकदा वाचवलात, उपकार झाले, आता रोज रोज कशाला वाचवताय? म्हणून ते कानावरचे गोल. कामावर घालते ते ठीकच आहे, मशीनच्या आवाजापासून कान सांभाळायलाच हवेत, मीही घालतो – पण जेवताना? मी आपला आमटी वाढता वाढता काहीतरी सांगतोय, आणि समोर ही, कानांवर लाल गोल, शांतपणे भात कालवतेय. त्यामुळे खरं सांगू का, तुम्ही इथे येऊन बसलात, उठत नाही, मधे बोलत नाही, कानावर काही नाही – मला एका परीनं बरंच – अहो हात! हात खाली! माशी असू दे, बसू दे ती माशी, हात खाली घ्या! – अगं नको! नको गं! माझ्याकडे बघ, इकडे, हे बघ छातीवर, छातीवर – थांब! – हां. हां. थांबली. अरे देवा. – तिला कुंपणावरून फक्त तुमचा हात दिसला, वर केलेला. तिला वाटलं माझा. कर्रर्र झालं, ऐकलंत? ती बिजागरी. ती चार बोटं नसती ना, आत्ता तुम्ही आणि ते संत्रं – जाऊ दे. – एक फोड काय पुढे करताय, इथून कसा हात पोचणार माझा? तुम्हीच खा.

पण बघा, सुटली नाही. एवढा हिसका बसला तरी तडाही दिसत नाही. बघा तर खरं – नको नको, वाकू नका, पुढे येऊ नका, तिथूनच बघा. कसलं लाकूड आहे हे! रेषा बघा, वरपासून खालपर्यंत एक तुटलेली नाही. रंग लोण्यासारखा. कुठे डाग नाही, भोक नाही, किडा नाही, गाभा असा भरीव की करवत कौतुकानं चालत होती. अहो, बिजागरी चालते ती अशाच लाकडावर. पोकळ झाडाला बिजागरी ठेवताच येत नाही मुळी, कुजकं लाकूड वळत नाही, मटकन तुटतं, म्हणून पोकळ झाड कुणी असं बुंध्यातून पाडत नाही, वरून तुकडे तुकडे करत खाली आणतात. आणि हे? हे तर आणखी शंभर वर्षं – काय? काठी कशाला रोखताय? खाचेकडे काय दाखवताय, खाच उत्तम आहे, मी आत्ता तेच – हां.

हां. – हो, मी म्हणालो होतो पोकळ. – हो, तुमच्याच बैठकीत बसून, चहा घेता घेता. – हो, मग इथे आणून खोडावर हातोडी मारून दाखवली, म्हणालो ऐका, कसा बद्द वाजतोय. बद्द नव्हता वाजत. खणखणीत वाजत होता, मला स्वतःलाच लाज वाटली इतका. पण मला सांगितलं होतं की तुम्हाला कमी ऐकू येतं. – येत नाही का कमी? अजिबात? – मग घरात सगळे मोठ्यानं का बोलतात तुमच्याशी? – तुम्ही त्यांना सांगितलंच नाहीत? वा! म्हणजे एवढ्या आवाजात ते जे काही एकमेकांना तुमच्याबद्दल सांगतात, ते सगळं तुम्ही – वा, आजोबा. आणि मी तुमच्यासमोर त्या खोडाच्या पोकळपणावर चांगलं तासभर व्याख्यान दिलं. तुम्ही मान हलवत होतात! मला वाटलं पटतंय.

कुणी खोटं बोलायला लावलं ते मी सांगणार नाही. ते माझ्याकडून निघायचं नाही. मी बडबडतो, मान्य आहे, पण कुणी विश्वासानं सांगितलेली गोष्ट या तोंडातून – चिरंजीव? छे छे, ते कसले, ते तर म्हणत होते कशाला पाडायचं, सावली आहे. सूनबाई? सूनबाईंना तर पानगळीचा त्रास असूनही त्या मधे पडल्या नाहीत. बिचाऱ्यांवर उगाच आळ नका घेऊ, दोघांचाही यात काही हात – असं डोळे बारीक करून मोजताय काय? घरात आहेत तरी किती माणसं? – अरे देवा. चारच आहात नाही का तुम्ही. चार वजा तुम्ही, वजा ते दोघं. हे बघा, हे असं होतं माझं. मी काहीही सांगितलेलं नाही, हे तुम्ही वजाबाकीनं काढलंत.

आता काढलंतच तर पूर्ण तरी ऐका, अर्धवट ऐकून आजींवर डोळे वटारू नका. आजींनी बोलावलं मला, खरंय. मी आलो, झाड बघितलं, चहूबाजूंनी फिरलो, आणि म्हणालो, आजी, हे झाड ठणठणीत आहे, हे तुमच्या नातवंडांच्या नातवंडांना सावली देईल, याला हात लावायला मन होत नाही. तर त्या काय म्हणाल्या? म्हणाल्या, "झाड राहील हो. हे राहायला नकोत का?" हे म्हणजे तुम्ही. मला आधी कळेना. मग त्यांनी वर बोट दाखवलं, दुसऱ्या बेचक्याकडे. – खाली काय बघताय? वर बघा. तुमचीच जागा ती. या वयात, आजोबा! शिडी लपवली तर तुम्ही शेजाऱ्यांची आणलीत. शेजाऱ्यांना त्यांनी बजावलं, तर तुम्ही टेबलावर स्टूल चढवलंत, आणि स्टुलावर – खोकं! खोक्यावर उभं राहून तुम्ही पहिली फांदी धरायचात! मी रोज झाडावर चढणारा माणूस, कमरेला दोन दोन पट्टे लावून, मला ऐकून घेरी आली. मी म्हटलं खालच्या फांद्या तेवढ्या छाटतो. त्या म्हणाल्या, खालच्या गेल्या तर हे वरच्या धरतील.

आणि खोटं बोलू नये, मला तुमचं समजलं. काल दोर बांधायला वर चढलो होतो ना, त्या बेचक्यात टेकलो जरा. साल अगदी गुळगुळीत झालीये, बसून बसून, खुर्चीहून बरं बसायला येतं. पाठीला फांदी बरोब्बर टेकते. खालचं काही ऐकू येत नाही, कुणी काही मागत नाही, विचारत नाही, दूरवर सगळ्यांची छपरं तेवढी दिसतात, आणि आपण कुणाला दिसत नाही. मी बराच वेळ बसलो. गप्प बसलो, माझा मलाच विश्वास बसेना. शेवटी हिनं खालून शिट्टी मारली, तिला वाटलं मला काही झालं. आणि तो डबाही सापडला, तारेनं बांधलेला. बिस्किटं. क्रीमची. साखर बंद आहे ना तुमची? – मी कुणाला सांगितलं नाही. म्हणजे आजींना सांगितलं. त्यांनी विचारलंच नसतं तर सांगितलं नसतं, पण त्यांनी विचारलं, "डबा सापडला का?" असं विचारलं. त्यांना ठाऊक होतं. डबा माझ्या नव्या व्हॅनमध्ये आहे, जाताना देतो. थोडी कमी भरतील.

आणि हे 'कुणाला दिसत नाही' म्हणतो ना आपण, ते चूक आहे. स्वयंपाकघराच्या खिडकीतून पाय दिसतात. बाकीचे तुम्ही पानांत, पण पाय दिसतात, चपला घातलेले, लोंबते. आजींनी मला त्या खिडकीशी नेऊन दाखवलं, इथे उभं राहिलं की तिथे दिसतात. – वास येतोय का तुम्हाला? करपल्याचा? दूध लागलंय आत. – मान काय झटकताय, रोजचंच म्हणून? चिरंजीवही तेच म्हणत होते, आई हल्ली रोज दूध जाळते, विसरायला लागलीये, डॉक्टरांना दाखवायला हवं. त्या विसरत नाहीत, आजोबा. दूध गॅसवर ठेवलं की तुमची वर जायची वेळ. मग त्या खिडकीशी. पाय दिसले की बघत राहतात. पाय जरा हलले की त्यांच्या जिवात जीव. पायाची हालचाल थांबली की त्यांचा श्वास थांबतो – झोप लागली असेल, झोपेत कलंडतील. ते दोन्ही पाय जमिनीला लागेपर्यंत ती बाई खिडकीसमोरून हलत नाही, मग दूध उतू जावो, भांडं जळो, सून बोलो. ती बोलणी खाते आणि सांगते, विसरले बाई. तुमचं नाव घेत नाही. आत्ता कुठे असतील? मागे वळून बघा. हळू वळा. – पडदा हलला ना? आता तर पायच काय, अख्खे तुम्ही दिसताय, आणि तुमच्या डोक्यावर अर्धं कापलेलं झाड. दूध लागणार नाही तर काय होणार?

आणि ते मनगट. काठी डाव्या हातात धरता, मी पहिल्या दिवशीच बघितलं. बाथरूममध्ये घसरलो म्हणालात तुम्ही, सगळ्यांना तेच सांगितलंत. आजी म्हणाल्या, दवाखान्यात मी यांच्या शेजारी बसले होते, यांच्या केसांत एक पान होतं, या झाडाचं. ते मी काढलं, पर्समध्ये टाकलं, आणि डॉक्टरांना म्हणाले, हो, बाथरूम फार निसरडं आहे आमचं. का असं म्हणालात, विचारलं मी. तर म्हणाल्या, झाडावरून पडले हे कळलं असतं तर घरात सगळे हसले असते, आणि हसलेलं यांना चालत नाही. आणि 'चढू नका' असं मी सांगितलं तर हे हट्टानं आणखी वरच्या फांदीवर जातील. मला म्हणाल्या, तुम्ही जाणकार आहात, तुम्ही पोकळ म्हणालात तर हे तुमच्यावर रागावतील, माझ्यावर नाही. म्हणजे तुमचा राग झेलायला मला ठेवलंय, मजुरीवर. ठीक आहे, झेलतो. पण मला वाटलं होतं तुम्ही शिव्या द्याल. हे असं समोर येऊन बसाल, हे ठरलं नव्हतं.

झाड परत जोडता येत नाही, आजोबा. ते मला येत असतं तर आत्ता जोडून दिलं असतं, देवाशपथ. ते आता उभं ठेवणंही बरं नाही, रात्री वारा सुटला तर ते त्याच्या मनानं पडेल. मी इथे आहे तोवर ते माझ्या मनानं पडेल, एवढंच मला करता येतं. तुम्हाला माझ्यावर रागवायचं तर रागवा, मी खोटं बोललो, हातोडीसुद्धा मारली. पण ते सगळं तिकडे, पायरीवर बसून. – संत्रं संपलं का? – बोला की काहीतरी. डोळ्यांत रस उडाला का? – बरं. नाही बघत मी. मी पाचर बघतो.

उठताय? – सावकाश. खुर्चीच्या पाठीला धरा. खुर्ची राहू दे, मी – बरं, घ्या, घडी करून घ्या, तुमची खुर्ची. – तिकडून नको! खोडाजवळून नको, लांबून, त्या नळाच्या बाजूनं! आणि काठी खाली, खाली, वर करू नका, ही बघतेय! – हां. असे. चला, चला. नळाला वळसा घाला. – दार उघडलं बघा आजींनी. हातात जळकं भांडं तसंच आहे. आजी, त्यांना आत घ्या, आणि खिडकीशीसुद्धा उभं राहू नका कुणी, मागच्या खोलीत जा! – भांडं तरी खाली ठेवा, आजी, भाजेल! – अहो, आजोबा, भांडं तुम्ही कशाला घेताय, गरम आहे ते! – बरं, घ्या, घ्या, धरा दोघं मिळून.

हिला आता खूण करतो. जाळी खाली, कानावर हे – काय? काय म्हणालात? थांबा, काढतो, ऐकू आलं नाही. दारातून पुन्हा म्हणा. – बोललात? बोललात तुम्ही! आजी, बोलले हे! काय म्हणाले? – 'सावकाश पाड.' – हो. हो, आजोबा. अडीच बोटं ठेवीन शेवटपर्यंत, अगदी वळत वळत जाईल, तुम्हाला धक्कासुद्धा – नाही, तुम्ही आता आत व्हा. दार लावा. मागाहून सांगा काय सांगायचं ते, सगळं ऐकतो, पण आत्ता मला एक शब्द विचारू नका. झाड पाडताना मी कुणाशी बोलत नाही.